माझ्या वाट्याची ओळ

५ जून

ती. आत्यास,
ख्रिस्तात स. न. वि. वि.

बाबांचा उजवा हात अजून उचलत नाही, आणि वाचा तर गेलेलीच आहे. शिवणाचं दुकान मी उघडते. अर्धांगाचा झटका आला तेव्हा ते जो कोट शिवत होते, त्याची एकच बाही लावायची राहिली होती. मी लावली. बाबांनी डाव्या हाताने खांदा चाचपला आणि कात्रीकडे बोट दाखवलं. उसवली. पुन्हा लावली, पुन्हा कात्री. आई म्हणाली, जीभ गेली पण खोड गेली नाही. बाबा हसले, अर्ध्याच तोंडाने.

खरं लिहायचं ते वेगळंच आहे. संध्याकाळी आम्ही तिघं प्रभूची प्रार्थना म्हणतो. बाबा नुसते ओठ हलवतात. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ही ओळ आली की मी गप्प होते. जे झालंय ते मला नकोच आहे, मग देवासमोर खोटं कसं बोलू? आईला वाटलं, मी विसरले. दुसऱ्या दिवशी तिने ती ओळ बालवर्गात शिकवावी तशी सावकाश म्हटली. बाबांनी मात्र माझ्याकडे पाहिलं. माझ्या या हट्टामुळे तर ते बरे होत नसतील ना? रागाव हवं तर, पण लवकर लिही. लोभ आहेच, तो उसवू नये.

तुझी,
सुई

१२ जून

चि. सुईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं हे नाव दादानेच ठेवलं, लहानपणापासून तू प्रश्न टोचतेस म्हणून. देव एका ओळीसाठी दादाला अडवून धरेल, इतका तो कोत्या मनाचा नाही. ते डोक्यातून काढ.

तुझे आतोबा गेले तेव्हा मीही ती ओळ गिळायचे. दादा दर शनिवारी दुकान बंद करून माझ्याकडे यायचा. त्याच्या लक्षात आलं. उपदेश केला नाही. एवढंच म्हणाला, "तू गप्प राहा. तुझ्या वाट्याचं मी म्हणतो." मग ती ओळ तो दोनदा म्हणायचा. वर्ष गेलं, आणि एका शनिवारी ती माझ्या तोंडून आपोआप आली. दुःख ओसरलं म्हणून नाही. दादाने ती तोवर धरून ठेवली होती म्हणून.

त्या दुःखाचं कारण मला आजही सापडलेलं नाही. उपयोग मात्र आज सापडला: मला तुला हे लिहिता आलं.

आता दादाला आवाज नाही. तुला आहे. वहिनीला जप.

तुझी,
आत्या

२८ जून

ती. आत्यास,
ख्रिस्तात स. न. वि. वि.

फोनवर मला बोलता आलं नाही. गुडघ्यांमुळे तुला येता आलं नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस.

बाबा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "बाबा, तुमच्या वाट्याचं मी म्हणते." आणि ती ओळ म्हटली. एकदाच. माझी नाही, त्यांची. त्यांनी डाव्या हाताने माझा खांदा चाचपला, बाही तपासावी तसा. कात्री मागितली नाही.

दफनाच्या वेळी सगळ्यांनी प्रार्थना म्हटली. त्या ओळीला मी पुन्हा गप्प झाले. माझ्या वाट्याचं म्हणणारा मातीखाली होता.

आत्या, तू म्हणशील?

तुझी,
सुई

२ जुलै

चि. सुईस,
अनेक आशीर्वाद.

रोज दोनदा म्हणते आहे, तुझं पत्र यायच्या आधीपासून. तू त्या ओळीपाशी सावकाश ये.

तुझी,
आत्या