पाच कप आणि इलिरियन लोक

५ मे, रविवार
मे म्हणजे मरियामातेचा महिना. चर्चमधल्या मिस्सेनंतर एका मोठ्या मेणबत्तीऐवजी दोन छोट्या लावल्या (मातेला भाव कळतो, उंची नाही) आणि नवस बोलले: महिना संपेपर्यंत, अल्बेनियन माणूस मूळचा कुठला, यावर अवाक्षर काढायचं नाही. १९ तारखेला आमच्या डिलाला मागणी घालायला लेझाहून माणसं येताहेत. मुलाचा बाप पाश्क म्हणे पेलास्गीवाला. आपण ग्रीकांच्याही आधीचे, सगळं जग आपल्यापासून सुरू झालं, असं सांगत फिरतो. खरं म्हणजे आपण इलिरियन. रोमन यायच्या आधी हा किनारा आपलाच होता. हे ठरलेलं आहे. मॅट्रिकला याच निबंधात मला दहापैकी दहा होते. पण मी बोलणार नाही. आमचे हे म्हणाले, प्रेंदा, एवढं जमव बाई.
न जमायला काय झालं!

७ मे, मंगळवार
बाजारात अंडीवाली म्हणाली, आपण कॉकेशसहून आलो, तिच्या जावयानं मोबाइलवर पाहिलंय. मी फक्त ‘नाही’ म्हटलं. मग तीन कारणं दिली. अंडी तिथेच विसरले.
या पानाच्या कडेला वादांची नोंद ठेवायचं ठरवलं. आजचा: अर्धा. सुरुवात तिनं केली.

११ मे, शनिवार
पापनिवेदनाला गेले. आतापर्यंत साडेतीन वाद झाल्याचं फादर मेहिलना प्रामाणिकपणे सांगितलं. तिसरा कशावरून झाला हे त्यांना नीट कळावं, म्हणून द्रिन नदीचं नाव किती जुनं आहे तेही सांगावं लागलं. मागे रांगेत कुणीतरी खोकलं. फादर म्हणाले, प्रेंदा, ही कबुली आहे, तोंडी परीक्षा नव्हे. प्रायश्चित्त म्हणून तीन दिवस मौन दिलं.
फादर थ्रेसियनवाले, म्हणजे आपण पूर्वेकडून आलो म्हणणारे आहेत, असा मला पूर्वीपासून संशय आहे.

१८ मे, शनिवार
घर चकचकीत. कॉफी ताजी दळून आणली. उद्या पाश्क मागणी घालेल, कॉफी समोर येईल, पण घरचा कर्ता ‘घ्या, शुभ होवो’ म्हणेपर्यंत ते लोक कपाला हात लावणार नाहीत. म्हटलं की सोयरीक झाली. तसं म्हटलंच नाही, तर पाहुण्यांनी कप तसेच ठेवून उठायचं. नकार तोंडानं द्यायला नको. ह्यांना चारचौघांत बोलायचं म्हणजे घाम फुटतो. सकाळपासून दुरुस्तीला आलेल्या शिवणयंत्राला तेल घालता घालता ‘घ्या, शुभ होवो’ पुटपुटताहेत. मी म्हटलं, घाबरू नका, मी आहे ना.

१९ मे, रविवार, संध्याकाळी
मुलासकट पाच माणसं आली. पाश्कनं व्यवस्थित मागणी घातली. डिलानं कप मांडले. ह्यांनी घसा खाकरला. तेवढ्यात पाश्कची नजर खिडकीतून आमच्या श्कोडरच्या किल्ल्यावर गेली आणि म्हणाला, पाया बघा, अस्सल पेलास्गी.
मी एवढंच म्हटलं: इलिरियन.
तो म्हणाला, विहीणबाई, इलिरियन कालचे पाहुणे!
आता माझ्या घरात बसून? मी विचारलं, मग मुलाचं नाव अग्रोन कशाला ठेवलंत, इलिरियन राजाचं? तो म्हणाला, तेव्हा सरकारची नावांची यादी होती, त्यातलं सगळ्यात लहान घेतलं. असल्या उत्तराला सोडतात होय? हे तीनदा तोंड उघडत होते, तिन्ही वेळा मी ‘थांबा हो’ म्हणून हात केला. सव्वा तासानं पाश्क उठला. बाकीचेही उठले. मला वाटलं, निरुत्तर झाला.
पाच कप भरलेले. वाया कशाला घालवायचे, म्हणून परत भांड्यात ओतून गरम केले. चौथा कप पीत होते तेव्हा हे म्हणाले, प्रेंदा, तू मागणी नाकारलीस.
पाचवा प्याले नाही.

२२ मे, बुधवार
डिला बोलत नाही. अंडीवालीनं विचारलं, चांगलं स्थळ का हो परतवलंत? ह्यांना अग्रोनचा फोन आला होता. बाप म्हणतो, ज्या घरानं पाच कप गार केले त्यानं उत्तर दिलं. आता तोंड कसं दाखवू!
तरी विचार करता वाटतं, वेळ चुकली, मुद्दा नाही. आमच्या काळी, कम्युनिस्टांच्या राज्यात, शाळेत देव बंद होता आणि इलिरियन सक्तीचे. मामा पाद्री, म्हणून मला कॉलेजला जाऊ दिलं नाही. माझ्याकडे आपलं एवढंच एक शिक्षण आहे. तेही सोडायचं?
ही सबब झाली, हे मला कळतं.

२६ मे, रविवार
एकटीच लेझाला गेले, क्षमा मागायला. वाक्य पाठ केलं होतं: पाश्क, माझं चुकलं. तेही म्हटलं. त्यानं विचारलं, काय चुकलं? म्हटलं, वेळ. तो म्हणाला, आणि इलिरियन? मातेच्या महिन्यात खोटं कसं बोलू?
पुढच्याच गाडीनं परत. वाद: एक. पूर्ण.

३१ मे, शुक्रवार
सकाळी हे तेलाच्या हातांनीच लेझाला गेले. मला सांगितलं नाही. पाश्कला म्हणाले म्हणे, अल्बेनियन कुठून आले मला ठाऊक नाही, मी साडेनऊच्या गाडीनं श्कोडरहून आलोय. मग त्यांच्याच घरच्या कपांकडे हात करून, कॉफी घ्या, शुभ होवो. पाश्क हसत सुटला. प्याला. ठरलं.
डिलानं स्वतः सांगितलं. बारा दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, सासरे म्हणतात, तुझ्या आईसारखी हट्टी बाई म्हणजे नक्की पेलास्गी. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, छत्री उघडून तयार असल्यासारखी.
मग दुसरं काही सुचेना म्हणून विचारलं, अग्रोन करतो काय गं?
बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, आई. तीन वर्षं झाली आम्हाला भेटायला लागून. इंजिनांच्या आवाजानं डावा कान गेलाय त्याचा, उजव्यानं अगदी जवळचं तेवढं ऐकू येतं.
त्या दिवशी तो माझ्या उजव्या हाताला बसला होता, डावी बाजू माझ्याकडे करून. त्याला इलिरियन ऐकू आले नाहीत, पेलास्गीही नाहीत. सव्वा तास तो पोरगा नुसता कपाकडे बघत होता.