हात स्वच्छ असतानाचं स्टिकर

मंगळवार, संध्याकाळी सात

नवा टायमिंग बेल्ट अजून डब्यातच आहे, माझ्यासमोर, गॅरेजच्या टेबलावर. आणि रामटेकेकाकांची गाडी मौद्याच्या रस्त्यावर. आत काकू आणि नात.

बेल्ट बदलला की तसं लिहिलेलं स्टिकर बोनेटखाली लावायचं असतं. काम झाल्यावर हात तेलकट होतात, म्हणून मी ते आधीच लावून टाकतो. वर्षानुवर्षं. आजही लावलं आणि बेल्ट आणायला गेलो. तेवढ्यात काका आले, उघड्या बोनेटखाली स्टिकर पाहिलं, खिळ्यावरची चावी घेतली आणि निघाले. चावी काहून ठेवली तिथं? नाही, चावीचा दोष नाही. जुन्या बेल्टला भेगा पडल्यात. तुटला तर इंजिन ट्रकांच्या मधोमध बंद पडेल.

सहाव्यांदा फोन लागला.

"मस्त चालून राहिली गा गाडी," काका म्हणाले. "तुझा हात लागला न."

मी डब्याकडे बघत म्हणालो, "काका, आत्ताच बाजूले थांबवा. बेल्ट बदललाच नाही. मी गाडी ओढून न्यायले टोचनवाला घेऊन येतो."

गाडी थांबली.

"मंग बदलला म्हणून लिहिलं कोनं?"

उत्तर एका शब्दाचं होतं. मी म्हणालो, "निघालोच." टोचनवाला अजून आलेला नाही. मी इथेच आहे, डब्यासमोर.