सोडला का सुटला

नांदुरा
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय नागसेन,

जयभीम. इकडे सगळे ठीक आहेत. देऊळगाव राजाची नवी शाळा, खोली, डबा यांचं कसं चाललंय ते कळव, असं लिहिणार होतो. पण मागच्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही, तेव्हा तो आग्रह आता करत नाही.

लिहायला बसलो आणि आधी मनात एक हिशेब झाला. आपल्या खेळाला मी नेहमी फुकटचा खेळ म्हणायचो. फासे माझ्या लेकीनं, प्राचीनं, पुण्याहून सुट्टीत येताना आणले. टेबल म्हणजे माझ्या दोन फुटक्या स्पीकरच्या बॉक्सवर टाकलेली प्लायवूड. पेन्सिली तुझ्या शाळेतल्या, चहा घरचा. खरं काय लागलं ते आता दिसतं. तुझ्या घराला कुलूप आहे आणि दारातली पपई पाखरं खातात. तुझी भावजय, मिलिंदची दीपमाला, लेकीला घेऊन उंद्रीला माहेरी आहे. अविनाश त्याच्या मेडिकलच्या काउंटरवरून मान वर करून माझ्याकडे बघत नाही. एवढं लागलं.

धंदा बरा आहे. नवरात्रात दोन मंडळांना माल दिला होता. धम्मचक्र दिनाला विहारात साउंड माझाच होता. दरवर्षी माईक तू तपासायचास, "एक दोन तीन" न म्हणता उगीच तेराचा पाढा म्हणायचास. यंदा कोणीतरी फुंकर मारून तपासला. फुंकर मारलेली मला चालत नाही, पण बोललो नाही. मागच्या ओळीतून मला ऐकू येत होतं की उजव्या बॉक्सची कॉईल घासते आहे. बाकी कोणालाच कळलं नाही. माझे कान अजून तसेच आहेत. सायकल आणि उधारीचा एक कर्णा यावर सुरू केलेला माणूस मी, माझ्याकडे कानांशिवाय दुसरं भांडवल होतं कुठे?

तुला खेळाला बोलावलं तेव्हाचं तुझं बोलणं आठवतं. "पन्नाशी उलटली बे आपली, अन् तू मले राक्षस मारायले बोलावून राह्यला?" मी म्हटलं, मारू नको, नुसता बस. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली एकेक माणसं व्हायचं, आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा, मोठा आकडा पडला तर जमलं, लहान पडला तर फसलं. तू कागदावर एक शिपाई केलास. त्याची शपथ तूच लिहिलीस, कोणाचाही हात सोडणार नाही. तेव्हा वाचताना मला काही वाटलं नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगत आलो.

दुसऱ्या महिन्यात तू दीपमालाला घेऊन आलास. मिलिंद गेल्यापासून ती घराबाहेर पडत नव्हती. तिनं एक म्हातारी वैदीण केली आणि तिसऱ्याच रविवारी ती हसली. परतताना फाटकाशी तू माझा खांदा दाबलास.

भांडणं तेव्हाही व्हायची. शरण आलेल्या चोराला मारायचं की नाही यावर तू आणि अविनाश तासभर भांडलात. तो म्हणे, चोर आहे, सोडला तर उद्या आपलाच गळा कापेल. तू म्हणालास, शरण आलेल्याला मारलं तर मग त्याच्यात आणि आपल्यात राहिलं काय? मी दोघांच्या हातात एकेक भजं ठेवलं आणि म्हटलं, आता शिपाई आणि व्यापारी म्हणून नका बोलू, नागसेन आणि अविनाश म्हणून बोला. अविनाश म्हणाला, त्याचं दुकान दोनदा फुटलंय. बस, तिथंच भांडण संपलं. चोराला आपण स्वयंपाकी करून ठेवला. प्राची म्हणाली, "बाबा, पुण्यातही असं कोणाले जमत नाही." मी ते चार जणांना सांगितलं.

प्राचीनं पुण्याहून एक नियमही आणला होता. कोणालाही सहन होत नसेल तर त्यानं "थांब" म्हणायचं. खेळ तिथंच थांबतो, काऊन म्हणून कोणी विचारायचं नाही. दीपमालानं तो एकदाच वापरला, साप निघाला तेव्हा. आपण सापाची बकरी केली आणि त्या बकरीनं अविनाशच्या व्यापाऱ्याला ढुशी मारली.

मग एप्रिलमधला तो रविवार. गोष्टीत पूर आला, पुलावरून पाणी चाललं होतं, शिपायाच्या एका हातात कठडा होता आणि दुसऱ्या हातात त्याचा सोबती. लोकांना मी सांगितलं की खेळात गोष्ट कुठे वळेल ते सांगणाऱ्यालाही कळत नाही. नागसेन, ते खरं नाही. नदी मीच आणली. आठवडाभर आधी ठरवून आणली.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही दोघं भाऊ मोटरसायकलवर त्या पुरात सापडलात तेव्हापासून तू एकच वाक्य सांगत आला आहेस, "मिलिंदचा हात सुटला." मला वाटलं, खेळात तरी तू त्याला वर ओढशील. फासा कसाही पडला तरी मी "वाचला" म्हणणार होतो. दीपमालाच्या समोर तू एकदा वाचवलंस तर दोघांच्या छातीवरचं ओझं उतरेल, असा माझा शहाणपणा. पण फासा घरंगळत अविनाशपुढे गेला. तीन पडले होते आणि त्यानं ते मोठ्यानं वाचले.

पुढं तो बोलला ते वाईट मनानं नाही. तो नियमाचा माणूस आहे. "मास्तर, तुझ्या शिपायानं शपथ घेतली होती ना? मंग हे सांग, हात सोडला का सुटला? सुटला असेल तर नशीब. सोडला असेल तर शपथ मोडली, त्याची ताकद गेली." तू म्हणालास, एवढ्या पाण्यात कोण काय सांगणार. तो ऐकेना. शपथ घेतली तर उत्तर द्यावं लागते, म्हणाला, आणि आवाज चढवून तेच तेच बोलत राहिला.

आणि मी? चाळीस वर्षं मी दुसऱ्यांचे आवाज मोठे केले. नवरदेवाच्या मामाचा, पुढाऱ्याचा, महाराजांचा. त्या दिवशी पहिल्यांदा सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. दीपमालाची पेन्सिल हवेत थांबली होती. मी माईकवरचा आवाज काढला आणि विचारलं, "सांग शिपाया. सोडला का सुटला?"

तू प्लायवूडकडे बघितलंस. म्हणालास, "सोडला."

दीपमालानं पेन्सिल कागदाला लावून सरळ ठेवली. "कोनाचा, भाऊजी?"

शिपायाच्या सोबत्याला आपण नाव दिलं होतं. ते तेव्हा तुला आठवलं नाही. मलाही नाही.

अंगणात ती काय म्हणाली ते मी ओट्यावरून ऐकलं. सोडला म्हणून ती रागावली नव्हती. पाण्यात माणसाचा हात कसा राहतो ते तिला कळत होतं. ती म्हणाली, "तीन वर्षं माझ्यापासून लपवलं, अन् आज खेळात फासा टाकल्यावानी बोलून टाकलं. दुखत असतं तर थांब म्हटलं असतं." तू म्हणालास, "म्हटलं होतं."

तिनं मग एकेकाला विचारलं. प्राची आत चहा गाळत होती, तिनं ऐकलं नव्हतं. अविनाश म्हणाला, "वहिनी, मीच बोलून राह्यलो होतो, मले काहीच नाही ऐकू आलं." त्याचं खरं आहे, तो बोलत असला की त्याला स्वतःचंही ऐकू येत नाही. शेवटी ती माझ्याकडे आली. "महादेवदादा, तुमच्या कानाले तर सारं ऐकू येते. म्हटलं होतं का भाऊजींनी?"

मी म्हटलं, नाही ऐकू आलं, बाहेर जनरेटर चालू होता.

दुसऱ्या कोणाच्या नाहीवर ती थांबली नसती. माझ्या कानांचं नाव होतं म्हणून तिनं तेवढ्यावर तुला खोटारडा ठरवलं. आठ दिवसांत ती उंद्रीला गेली आणि जूनमध्ये तू बदली मागून घेतलीस.

गेल्या महिन्यात मी उंद्रीला जाऊन आलो. तुझ्यासाठी म्हणून नाही, एका लग्नाची साउंडची बोलणी होती, असं घरी सांगितलं. तिचे वडील भगवंतराव ओसरीवर होते. दीपमालानं पाणी दिलं, चहा दिला. तू पाठवलेली तीन पाकिटं तिनं आतून आणून माझ्या हातात ठेवली. फोडलेली नव्हती. म्हणाली, "तुमच्या हातानं त्याहिले देऊन द्या. मी आता तिकडचं काही वाचत नाही, अन् ऐकतही नाही." मी मान हलवली. मग भगवंतरावांशी सोयाबीनबद्दल बोललो आणि बस पकडली. तिला सांगण्यासाठी म्हणून गेलो होतो, बसमध्ये बसल्यावर ते आठवलं असं म्हणणार होतो. आठवत होतं मला, चहा पितानाही आठवत होतं.

तुझी तीन पाकिटं सोबत ठेवली आहेत. चौथं लिहू नकोस. हे माझं पत्र तू तिला पाठवशील असंही वाटून गेलं, पण माझं अक्षर ओळखून ती हेही असंच न फोडता ठेवील. फोनवर माझा आवाज आला की ती ठेवून देते. लेकीला म्हणे उंद्रीच्याच शाळेत घातलंय, म्हणजे परत येण्याचं काही उरलेलं नाही. तुझ्याकडूनही मी काही मागत नाही.

प्लायवूड काढून टाकली. फासे प्राचीला परत दिले, ती म्हणाली ठेवा बाबा, मी म्हटलं नको.

जनरेटर त्या दिवशी बंद होता. तू थांब म्हणालास, एकदाच, हळू. मला ऐकू आलं होतं.

महादेव