डेथकोर म्हणजे मेटल नव्हे

२ मार्च, रविवार
आजपासून रोजनिशी. अध्यक्षाने आपले विचार लिहून ठेवायला हवेत, नाहीतर ते वाया जातात. मी खऱ्या मेटल संगीताच्या मंडळाचा अध्यक्ष. सभासद तीन: मी, टेलर आणि दातांचे डॉक्टर. बैठक दर रविवारी, टेलरच्या दुकानामागच्या खोलीत, अर्धवट शिवलेल्या पँटींच्या खाली.

आज ठराव मांडला. डेथ मेटल हे मेटल, पण डेथकोर या हल्लीच्या पोरांच्या भेसळीला यापुढे मेटल म्हणायचं नाही. एकमताने मंजूर. टेलर काजं करत होता आणि डॉक्टर फोन बघत होते, पण विरोध कोणीच केला नाही.

४ मार्च, मंगळवार
सकाळी सात. बाथरूममध्ये लेकीचा रियाज. ती बँडमध्ये गाते. बँड डेथकोर. माझ्याच घरात.

आधी घशातून खोल गुरगुर, मग डुकराला शेपटीला धरून ओढल्यासारखी किंकाळी. शेजारच्या काकूंनी आमच्या हिला जिन्यात गाठून हळूच विचारलं, घरात कोणाचं पोट बिघडलंय का. ही म्हणाली, नाही, मुलगी गातेय. काकू सांत्वन करून गेल्या.

गळा मुळात चांगला आहे. माझ्यावर गेलाय. वापर चुकीचा.

संकल्प: महिन्याभरात बाथरूममधला हा प्रकार बंद करायचा. प्रेमाने.

७ मार्च, शुक्रवार
भाषण लिहायला घेतलं. शीर्षक ठरलं: ‘डेथकोर म्हणजे मेटल नव्हे’. मुद्दे पक्के आहेत. या लोकांना रिफ, म्हणजे गिटारवर फिरून फिरून येणारी सुरावट, सुचत नाही, म्हणून ब्रेकडाउन. म्हणजे गाणं धावता धावता मध्येच मंदावतं, सगळी वाद्यं थांबून थांबून एकच घण घालतात आणि खाली पोरं एकमेकांच्या अंगावर आपटतात. प्रत्येक गाण्यात. तो कुठे येणार हे आंधळ्यालाही कळतं. शिवाय ड्रम्स कॉम्प्युटरवर साफसूफ केलेले, किंकाळ्या फोनवर दाखवायला मारलेल्या आणि केस बारीक कापलेले.

(केसांचा मुद्दा खोडला. माझे गेले त्याला सहा वर्षं झाली. पण माझे लांब होते आणि गेले, त्यांनी हौसेने कापले. फरक आहे.)

परीक्षण करणं हा माझा पेशाच आहे. पंख्यांच्या कारखान्यात मी क्वालिटीत आहे. जरा घरघर आली की पंखा बाजूला.

९ मार्च, रविवार
बैठकीत भाषणाचा कच्चा खर्डा वाचला. डॉक्टर म्हणाले, आपण कॉलेजात डेथ मेटल ऐकायचो तेव्हा जुनी मंडळी हेच म्हणायची. याला चाल नाही, शब्द कळत नाहीत, नुसतं ओकणं आहे. मी म्हटलं, ते चूक होते, आपण बरोबर आहोत. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, दाढ काढायच्या आधी पाहतात तसं.

१२ मार्च, बुधवार
लेक सांगत आली की तेवीस तारखेला, रविवारी संध्याकाळी सहाला, त्यांचा कार्यक्रम आहे. शेवटचा. पुढच्या महिन्यात ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाणार, बँड मोडणार. मग म्हणाली, “बाबा, तू एकदाही आला नाहीस. या वेळी ये.”

बघतो म्हटलं.

१३ मार्च, गुरुवार
भाषणाची तारीख नक्की केली. तेवीस मार्च, संध्याकाळी सहा. खोलीच्या उपलब्धतेचा प्रश्न होता. टेलर म्हणतो, खोली रोजच रिकामी असते. तो त्याचा दृष्टिकोन.

हिच्याकडून चहा मिळाला, पण आपटून.

१५ मार्च, शनिवार
मोठा विजय. दुपारी लेक गिटार घेऊन माझ्या खोलीत आली. विचारलं, तुमच्या जुन्या डेथ मेटलमध्ये तो झरझर वाजणारा रिफ असायचा, तो नेमका कसा? मी जुन्या कॅसेट काढल्या. ती ऐकत होती, विचारत होती, बोटं चुकली की पुन्हा वाजवत होती. चहा दोनदा गार झाला. इतकं एकत्र आम्ही ती सायकल शिकत होती तेव्हापासून बसलो नव्हतो. फार बरं वाटलं.

म्हणजे भाषणाचा परिणाम भाषणाआधीच सुरू झाला. पोर सुधारतेय.

जाताना तिने विचारलं, येशील ना? मी म्हटलं, भाषण आटोपून येतोच. तू मला बघशीलच, मागे, हाताची घडी घालून. ती हसली. मेटलच्या कार्यक्रमाला मी आयुष्यभर तसाच उभा राहत आलोय. नाचणं हे नवख्यांचं काम.

१८ मार्च, मंगळवार
भाषणाची तारीख बदलावी का? विचार केला. पण अध्यक्षानेच तारखा बदलल्या तर मंडळाला शिस्त काय राहणार. त्यापेक्षा भाषण लहान करतो.

भाषण चार पानांनी वाढलं.

२१ मार्च, शुक्रवार
डॉक्टर म्हणाले, रविवारचं कठीण दिसतंय. टेलरला विचारलं तर त्याच्या तोंडात टाचण्या होत्या. त्याच्या मशीनवर एक काळं जाकीट होतं आणि त्यावर तो बँडचं चिन्ह शिवत होता. आमच्या घरच्या बँडचं. म्हणाला, गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. बरोबर आहे. त्याचा प्रपंच आहे.

कारखान्यात आज चांगले पंखेही बाजूला काढले. सुपरवायझरने कान तपासून घ्यायला सांगितलं.

२३ मार्च, रविवार
सहाला टेलरच्या दुकानाशी पोहोचलो. शटर बंद. सभासद उशिरा येतात, हे गृहीत धरून पायरीवर बसलो. भाषण एकदा मनात म्हटलं. ब्रेकडाउनच्या मुद्द्यावर टाळ्या येतील असं वाटलं.

कोणी येईना. निघायला हवं होतं, हे कळत होतं. पण मी उठावं आणि नेमके तेव्हाच ते यावेत, असं व्हायला नको म्हणून बसून राहिलो. शेवटी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी उचलला, पण बोलणं ऐकू येईना. मागून मोठा गोंगाट आणि त्यात एक गुरगुर. ती मी कुठेही ओळखेन. रोज सकाळी सातला ऐकतो.

धावत गेलो. या वयात, भाषण हातात घेऊन. हॉलच्या दारात लोक बाहेर येत होते, घामाने भिजलेले. त्यात डॉक्टर. त्यात टेलर. त्यात ही, कानात कापसाचे बोळे आणि डोळे लाल.

लेक मागच्या दाराशी वायरी गुंडाळत होती. मला बघून चेहरा उजळला. विचारलं, “कसं झालं, बाबा?”

ऐकलंच नाही असं सांगायला तोंड उघडलं. जमलं नाही. मग सुचलं, ब्रेकडाउन तर प्रत्येक गाण्यात असतो. म्हटलं, “शेवटच्या गाण्यातला ब्रेकडाउन फार आवडला.”

ती “बरं” म्हणाली आणि वायर गुंडाळायला लागली.

खूश झाली असावी. माझ्या तोंडून ब्रेकडाउनची स्तुती ऐकली, बोलणार तरी काय.

२४ मार्च, सोमवार
सकाळ. हिने स्वतःचा फोन माझ्यासमोर ठेवला. कालचं शेवटचं गाणं.

चित्र हलतंय. लेक गळ्यात गिटार, माइक धरून, डोळ्यांवर लाइट, आडवा हात धरून बघायचा प्रयत्न करतेय. म्हणते, “या गाण्यातला ब्रेकडाउन आम्ही काढून टाकलाय. बाबासाठी. तो मागे असेल, हाताची घडी घालून.” मग तो झरझर रिफ. माझा. अचूक. एकही बोट चुकत नाही. ड्रम्स तर डोळ्यांसमोर माणूस वाजवतोय.

लोक ओरडतात, वळून बघतात. ही पण फोन मागे वळवते. भिंत आहे. भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं आहे.

तीनदा पाहिलं. दर वेळी नळकांडंच.

आता सात वाजून गेलेत. लेक बाथरूममध्ये आहे. नळाचा आवाज येतोय, बाकी काही नाही.