तीन अँपिअर

दौंड

प्रिय सतीश,

जय भीम. फोनवर मी बोलायला लागले की त्याचं भाषण होतं आणि तू "व्हय ताई, व्हय ताई" करत फोन ठेवून देतोस. म्हणून लिहिते आहे. तुझ्या करुणाला दहावीनंतर इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला जायचंय आणि तू नाही म्हणतोस, एवढाच विषय आहे.

"आपल्या घराच्या हाताला यंत्र लाभत न्हाई," हे तुझं कारण ऐकून गेल्या रविवारी मी किती चिडले! लाभणं, न लाभणं ही भाषा आपल्या घरात? ज्या घरानं नशिबाला दाराबाहेर काढलं, त्या घरात? त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. पण हे तुझ्या डोक्यात कुठून आलं, ते मला तुझ्याहून जास्त ठाऊक आहे.

सुट्टीत करुणा इथं होती, तेव्हा तिनं माळ्यावरून तुझा जुना टीव्ही गेम खाली काढला. आबांनी गुंडाळलेल्या पोत्यातच होता. पोरीनं स्क्रू काढले, ब्रशनं धूळ झाडली आणि म्हणाली, "आत्या, काय न्हाई झालेलं ह्याला. नुसता फ्यूज उडालाय." बाजारातून नवा आणून बसवला आणि गेम टीव्हीला जोडला. इतक्या वर्षांनी पडद्यावर तो रणगाडा धावायला लागला. मी तीनदा हरले. ती म्हणाली, "भाषणावर न्हाई चालत हे, आत्या."

तू तेव्हा नववीत होतास. एका दुपारी गेम बंद पडला. आबा रेल्वेची ड्यूटी संपवून आले आणि "खोलून खोलून वाटोळं केलंस" म्हणत त्यांनी तुला मारलं. गोकुळमामाच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसणंही बंद केलं. आळीतल्या पोरांनी तुझं नाव 'फ्यूज' पाडलं. सणसवाडीच्या कंपनीतही दौंडवाले तुला त्याच नावानं हाक मारतात आणि तू ओ देतोस. शेजारचं मशिन अडलं तर बाकीचे पुढं होतात, तू हात मागं घेतोस, असं वहिनी सांगत होती. गोकुळमामा म्हणायचा, ह्या पोराची बोटं बघून ठेवा.

करुणानं तो जुना फ्यूज उन्हात धरला. "गंमत बघ, आत्या. आतल्या पट्टीवर एक अँपिअरचा लावा असं छापलंय, आन् ह्यो तीनचा हाय. एवढा करंट ह्यो गेम वढतच न्हाई. ह्यो हितं उडालेलाच न्हाई. आधीच उडालेला कुणीतरी आणून बसवलाय." मी म्हणाले, काय माहीत बाई.

माहीत होतं, सतीश. मीच बसवला होता. शिरूरच्या वक्तृत्व स्पर्धेला चार दिवस राहिले होते आणि तुझ्या गेमच्या टुंईटुंईत माझं पाठांतर होईना. गोकुळमामाकडचे उडालेले फ्यूज तू काडेपेटीत जमवायचास, त्यातलाच एक घेतला. काचेच्या आत तार तुटली की सगळं बंद, हे तूच मला शिकवलं होतंस. स्पर्धा झाली की चांगला परत बसवणार होते. पण आबांनी त्याच संध्याकाळी तुला धरलं. मी दारात उभी होते आणि तोंड उघडलं नाही. स्पर्धेत पहिली आले. नंतर दर वर्षी सांगणं आणखी अवघड होत गेलं, आणि मी गावोगाव दुसऱ्यांना खरं बोलायला सांगत फिरले. एवढी पुस्तकं वाचली, पण त्या फ्यूजवरचा आकडा वाचला नाही. तो तुझ्या मुलीनं वाचला. तुझ्या हातून काहीही बिघडलं नव्हतं. हे आबांना आणि आळीलाही मीच सांगणार आहे, पण आधी तुला कळायला हवं होतं. मंगळवारी अर्जाची मुदत संपते. माझ्यावर चिड, वर्षभर बोलू नकोस, पण आधी त्या अर्जावर सही कर.

तुझीच,
माया