बुजवायची विहीर

नंदनवन, नागपूर
१५ मे १९७८

प्रिय जया,

सातवा महिना लागला आणि आता अन्न पोटात ठरतं, हे वाचून जिवाला बरं वाटलं. इकडे ऊन फार आहे. तरी काल रविवारी आपल्या अंगणात गल्ली जमून हसत होती, ते तुला कळवायलाच हवं.

तुझ्या बाळंतपणासाठी एक खोली बांधतो, असं मी लिहिलं होतं. जागा एकच, मागची विहीर बुजवून. नळ आल्यापासून गल्लीत सगळ्यांनीच बुजवल्या. मलब्याचा ट्रकही सांगून ठेवला. पण आत तुझ्या आईचं कासव. पाणी स्वच्छ राहावं म्हणून विहीर खणली त्या साली तिने ते मौद्याहून बादलीत घालून एसटीने आणलं होतं. कंडक्टर त्याचं अर्धं तिकीट मागत होता. आई त्याच्याशी पार पारडीपर्यंत भांडली.

कासवावर मलबा टाकणं मला जमण्यासारखं नव्हतं. शेजारच्या यमुताईंचा ओमप्रकाश दोर बांधून, टोपली घेऊन उतरला. कासव गाळात दडलेलं. यमुताई काठावरून ओरडल्या, "काहून गा, कासव काढून राहिला का झोपून राहिला?" खालून आवाज आला, "माय, तूच ये नं वं! याले तुयासारखंच चावता येते." शेवटी भाड्याचा पंप लावून पाणी उपसलं. बाया घागरी भरून नेत होत्या, पोरं पाइपाखाली नाचत होती. मग गाळ काढला, टोपल्यांवर टोपल्या. विहिरीचा तळ दिसला तेव्हा कुठे कासव हाती लागलं. यमुताई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "भाऊ, बुजवायच्या आधी विहीर घासूनपुसून काढणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहून राहिली!"

जया, मी हसलो. आई गेल्यावर पहिल्यांदा, अगदी पोट धरून. तेवढ्यात ओमप्रकाशने खालून हाक मारली. गाळ निघाल्यावर कपारीतून झरा सुटला होता, भर मे महिन्यात. विहीर मी खणवली, पण तो झरा काही मी आणला नव्हता. तुझं बाळ माझ्या वयाचं होईल तेव्हा नळाला पाणी असेल की नाही, कोण सांगणार? त्याच्या खोलीसाठी त्याचंच पाणी कसं बुजवू? ट्रक आला तेव्हा मलबा गल्लीतल्या खड्ड्यांत टाकायला लावला. संध्याकाळी कासव परत सोडलं.

तेव्हा खोली होणार नाही. मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस, आईच नाही तर माहेरी येऊन काय करू. त्याला उत्तर म्हणून मी खोलीचं बोललो. आता तीही नाही. आतली खोली तू घे, मी ओसरीवर निजेन, रात्री यमुताई सोबतीला येणार आहेत. तू झालीस तेव्हा आई मला तुला उचलू देत नसे. माझे हात लाकडी आहेत म्हणायची. या खेपेला मला अडवणारं घरात कोणी नाही. बाळाला कसं घ्यायचं, ते शिकवायला तरी ये.

तुझेच,
बाबा