दिव्याची खूण

प्रिय,

पुढं तुमचं नाव लिहायला हात धजत नाही, तेव्हा एवढ्यावरच भागवून घ्या. इथं सगळे खुशाल आहेत. आपल्या वच्छलाची पोर आता भिंतीला धरून उभी राहते.

काल पॉवर हाउसवरून आले. फाटकाला कुलूप आहे. तेलाच्या टाकीखालची जमीन अजून काळीच, तिथं गवतसुद्धा उगवत नाही. मी वाकून वास घेतला. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, मिस्त्रीणबाईचं डोकं फिरलं. तुमच्या सदऱ्याचा वास होता तो.

पोलीस ॲक्शननंतरच्या उन्हाळ्यात लग्न होऊन फुलंब्रीहून इथं आले, तेव्हा तुमचं ते तेलावरचं इंजिनच शहराला वीज द्यायचं. माहेरी कंदील, आणि इथं भिंतीवर बटण! दवाखाना, थेटर, रस्त्यावरचे दिवे, सगळं त्याच्या जिवावर. रेल्वेनं तेल यायला उशीर झाला की अंधार, आणि शिव्या मात्र तुम्हाला. रोज रात्री इंजिन बंद करण्याआधी तुम्ही दिवे मंद करून पुन्हा मोठे करायचात, लोकांनी कंदील हाताशी घ्यावेत म्हणून. ते गावासाठी. मग जरा थांबून आणखी एकदा. ते माझ्यासाठी, की निघालो, ताट वाढ. शेजारच्या बिल्किसआपा भिंतीवरून ओरडायच्या, "लो भाभी, मिस्त्रीजी निकले!" मी लाजून चूर व्हायचे, पण तव्यावर भाकरी टाकलेली असायची.

मग लांबच्या, कोळशावर चालणाऱ्या कारखान्यातली वीज तारांवरून आली. स्वस्त, आणि दिवसभर. तेल जाळणं कुणाला परवडेना. इंजिन उचलून सोयगावला नेलं, तिथं तारा पोचल्या नव्हत्या. मागोमाग तुम्ही गेलात. तारा आल्या की परत येतो, म्हणालात.

तारा आल्या. तुमच्यासोबत तेल भरणारा चांदपाशा परवा येऊन गेला. इंजिन मोडीत निघालं, तुम्ही मात्र तिथंच खोली धरून आहात म्हणाला. "भाभी, सौत तो भंगार में गई, अब कायकू रुकरें उनो?" मी हसले. खरं तर तुम्ही का थांबलात ते मला ठाऊक होतं.

दिवाळीला घरी आलात, तेव्हा तुम्ही ओसरीवर आकाशकंदिलाची दोरी बांधत होतात. मी मागून म्हणाले, चहा घ्या. पुन्हा म्हणाले. पोर तुमच्या मागंच पडून रडत होती, तरी तुम्ही वळला नाहीत. वच्छला फणकारली, "बाबा लई तुटक झालेत." निघताना तुम्ही प्रत्येकाच्या ओठांकडं बघत होतात, आणि सगळ्यांना नुसतं 'व्हय, व्हय' म्हणत होतात. अहो, जन्मभर त्या धडधडीशेजारी उभं राहिल्यावर कान राहतील कसे? त्यात लाजायचं काय, आणि माझ्यापासून लपवायचं काय?

हे सगळं समोर बसून सांगितलं असतं, पण तुम्ही 'व्हय' म्हणून उठून गेला असतात. म्हणून लिहिलं. चांदपाशाकडून वायर ओढून घेतलीय. ओसरीवरच्या दिव्याचं बटण आता चुलीपाशी आहे. जेवण तयार झालं की मी दिवा विझवून पुन्हा लावीन. एकदाच. गावासाठीची खूण आता लागत नाही, आपल्यापुरती पुरे. तुम्ही फक्त ओसरीवर येऊन बसा.

तुमचीच,
द्वारका